संकेत आला खरा, पण धाडला कुणी?

जानेवारी २०२३ मध्ये जुन्नर तालुक्यातल्या खोडद गावाचे नाव जगभरच्या बातम्यांत झळकले. खोडदच्या महाकाय दुर्बिणीने ८८० कोटी वर्षांचा प्रवास करून आलेला एक रेडिओ संकेत पकडला, अशी ती बातमी होती. बातमी खरी होती. मात्र हातोहात फिरता फिरता तिला शेपूट फुटले आणि काही ठिकाणी तिचा थेट परग्रहवासीयांशी संबंध जोडला गेला. अंतराळातून 'सिग्नल' आला म्हणजे कुणीतरी तो पाठवला असणार, हा विचार इतका सहज मनात येतो की त्यात काही चुकते आहे हेच ध्यानात येत नाही. अवसरी खुर्द, मंचर, नारायणगाव या भागात ही बातमी वाचणाऱ्याला तर तो विचार आणखी जवळचा वाटला असेल. तारांच्या जाळीच्या त्या पांढऱ्या तबकड्या इथल्या माणसाने शेताच्या कडेला रोज पाहिलेल्या असतात. आपल्या शिवारात उभ्या असलेल्या यंत्राशी जर परग्रहावरचे कुणी बोलले असेल, तर ते आपल्याला कळायला नको का? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर 'शास्त्रज्ञ म्हणतात तसे नाही' एवढ्यावर संपवणे बरे नव्हे. तसे नाही हे कशावरून ठरते, ते पाहायला हवे.

सगळ्या घोटाळ्याचे अर्धे मूळ एका शब्दात आहे. इंग्रजीतल्या 'सिग्नल'ला आपण मराठीत 'संकेत' म्हणतो आणि तिथेच फसतो. भौतिकशास्त्रात सिग्नल म्हणजे गोंगाटातून वेगळी काढता आलेली कोणतीही नोंद. ती विजेच्या खांबावरच्या ठिणगीची असू शकते, सूर्यावरच्या वादळाची असू शकते किंवा नुसत्या थंड वायूच्या ढगाचीही. मराठी 'संकेत' मात्र दोन पक्षांशिवाय होत नाही. संकेत ठरतो, संकेत पाळला जातो, संकेतस्थळी दोघांना भेटायचे असते (आज त्याचा अर्थ वेबसाइट झाला, तो भाग निराळा). शब्दाचा अर्थसुद्धा बोलणाऱ्या आणि ऐकणाऱ्या यांच्यातल्या संकेतावर उभा असतो, असे आपले जुने शास्त्रकार सांगत. म्हणजे 'आकाशातून संकेत आला' हे वाक्य उच्चारताच पाठवणारा आपोआप जन्माला येतो, त्याच्या बाजूने पुराव्याचा कपटाही पुढे आलेला नसताना. त्यापेक्षा आपल्याकडचा रोजचा 'रेंज' हा शब्द अधिक प्रामाणिक. 'रेंज आली' म्हटले की लहरी पोचल्या एवढेच कळते, फोन कुणी केला ते नंतर.

खोडदला नेमके काय पोचले होते? कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचे अर्णब चक्रवर्ती आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे निरूपम रॉय यांनी खोडदच्या दुर्बिणीच्या नोंदींतून एका अतिदूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनची खूण मांडली. हायड्रोजनच्या अणूत एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन. दोघेही स्वतःभोवती गिरकी घेत असल्यासारखे वागतात. दोघांच्या गिरक्यांची दिशा एक असेल तर अणूत किंचित जास्त ऊर्जा असते आणि उलट असेल तर किंचित कमी. फार क्वचित, कोटभर वर्षांत एखाद्या वेळी, एकटा सोडलेला अणू पहिल्या स्थितीतून दुसरीत घसरतो आणि तेवढ्या फरकाची एक रेडिओ लहर बाहेर टाकतो. तिची लांबी २१ सेंटीमीटर, वारंवारता १४२० मेगाहर्ट्झच्या जरा वर. एका अणूकडून अपेक्षा धरली तर जन्म जाईल. पण दीर्घिकेत अब्जावधी सूर्यांच्या वजनाइतका हायड्रोजन असतो, त्यामुळे ही पुटपुट अखंड चालू राहते. ही लहर निघाल्यापासून विश्व प्रसरण पावत राहिले आणि तिच्याबरोबर लहरही ताणली गेली. २१ सेंटीमीटरची जवळपास ४८ सेंटीमीटर झाली आणि १४२० मेगाहर्ट्झची सुमारे ६२० मेगाहर्ट्झ. खोडदच्या दुर्बिणीचा एक पट्टा नेमका या भागात चालतो. एवढ्या लांबची पुटपुट एरवी ऐकू आलीच नसती. पण वाटेत दुसरी एक दीर्घिका होती. तिच्या गुरुत्वाकर्षणाने प्रकाश वाकतो तशा या लहरीही वाकल्या, भिंगाखाली अक्षर मोठे दिसावे तशी ती खूण सुमारे ३० पट ठळक झाली, असे संशोधकांनी मांडले. कागदावर हे सगळे दिसते ते आलेखातल्या खडबडीत रेषेवर आलेला एक लहानसा उंचवटा म्हणून. कित्येक तासांच्या नोंदी एकावर एक रचल्यावर तो वर येतो. बातमीतल्या 'संकेता'चे खरे रूप एवढेच.

आता कुणी हुशार वाचक इथे अडवेल, आणि त्याने अडवावेच. १४२० मेगाहर्ट्झ हाच आकडा परग्रहवासीयांच्या शोधातही येतो ना? येतो. १९५९ मध्ये ज्युसेप्पे कोकोनी आणि फिलिप मॉरिसन या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी 'नेचर'मध्ये लिहिले होते की, विश्वात कुणाला दुसऱ्या संस्कृतीशी बोलायचे असेल तर ते हायड्रोजनची ही वारंवारता निवडतील. हायड्रोजन सगळीकडे सारखाच आणि तो अभ्यासणारा प्रत्येक जण या आकड्यापाशी येऊन पोचणारच. मग खोडदला मिळालेली खूण वायूची नसून त्याच जागी मुद्दाम बसवलेली कुणाची हाक असेल तर? याला तीन उत्तरे आहेत. पहिले रुंदीचे. दीर्घिकेतला वायू फिरत असतो, काही भाग आपल्याकडे येतो, काही दूर जातो, आणि या वेगांमुळे त्याची लहर एका आकड्यावर न राहता पसरते. वेग सेकंदाला दोनशे किलोमीटरच्या घरात धरला तर ६२० मेगाहर्ट्झपाशी हा पसारा काही लाख हर्ट्झचा होतो. माणसाने बनवलेला प्रेषक आपली सगळी शक्ती एक-दोन हर्ट्झच्या चिंचोळ्या फटीत कोंबू शकतो, तर कोणत्याही ज्ञात ढगाला किंवा ताऱ्याला ते जमत नाही. दुसरे उत्तर जागेचे. त्या दीर्घिकेचे अंतर दृश्य प्रकाशाच्या वर्णपटावरून आधीच ठाऊक होते. त्यावरून हायड्रोजनची खूण कुठे पडली पाहिजे ते गणिताने निघत होते आणि शोध तिथेच घेतला गेला. अमुक ठिकाणी पाणी लागेल असे आधी सांगून विहीर खणावी, तसे हे झाले. तिसरे उत्तर मला सगळ्यांत समाधान देणारे वाटते, ते काळाचे. ती लहर निघाली तेव्हा पृथ्वी नव्हती, सूर्यही नव्हता. दोघांचे वय साडेचार अब्ज वर्षांच्या आसपास, लहरीचा प्रवास जवळपास त्याच्या दुप्पट. ज्याला हाक मारायची तो जन्मालाच आलेला नाही, त्याच्या नावाने पत्र कोण टाकील?

त्या उंचवट्यावर वाद होणारच नाही, असे मात्र नव्हे. भिंगाने खूण नेमकी किती पट वाढवली, वायूचे वजन ताऱ्यांच्या वजनाच्या जवळपास दुप्पट निघते ते पटण्याजोगे आहे का, उंचवटा गोंगाटापेक्षा पुरेसा उंच आहे का, हे सगळे खगोलशास्त्रज्ञ एकमेकांना विचारणारच. पण हा सगळा वाद हायड्रोजनच्या अंगणातला. त्यात पाठवणाऱ्याची बाजू मांडायला कुणी उभे नाही, कारण मांडण्याजोगे काही नाही.

दुसरा आक्षेप शास्त्रज्ञांच्या मनोवृत्तीवरचा आहे: ही मंडळी परग्रहवासी हा शब्द ऐकायलाच तयार नसतात. इतिहास नेमके उलटे सांगतो. १९६७ मध्ये केंब्रिजला जोसेलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीला दर १.३३७ सेकंदांनी घड्याळासारखी येणारी स्पंदने सापडली, तेव्हा त्या गटाने अर्धे गमतीत, अर्धे गांभीर्याने त्यांना छोट्या हिरव्या माणसांच्या नावाची आद्याक्षरे दिली होती. शंका मिटली ती बेलबाईंना आकाशाच्या अगदी दुसऱ्या कोपऱ्यात तसाच आणखी एक उगम सापडल्यावर. एकमेकांपासून इतक्या दूरच्या दोन संस्कृती एकाच वेळी, एकाच तऱ्हेने आपल्याशी बोलतील हे संभवत नव्हते. ते स्पंदक निघाले, जड ताऱ्यांच्या मरणानंतर उरलेले गरगरणारे गोळे. खोडदची दुर्बीण आज त्यांच्याच अभ्यासासाठी नावाजलेली आहे. १५ ऑगस्ट १९७७ ला अमेरिकेत ओहायोच्या 'बिग इअर' दुर्बिणीला ७२ सेकंदांची एक जोरदार नोंद मिळाली. जेरी एहमन यांनी छापील कागदावर तिच्याभोवती वर्तुळ काढून शेजारी 'वाव!' लिहिले. ती चिंचोळी होती, हायड्रोजनच्या आकड्याजवळ होती, म्हणजे कोकोनी आणि मॉरिसन यांनी वर्णन केले होते तशीच. नंतर अनेकदा शोधूनही ती पुन्हा आली नाही. तिच्यावरची चर्चा अजून चालू आहे. तिला कुणी दडपले नाही. उलट शास्त्रातल्या सर्वांत गाजलेल्या कागदांपैकी तो एक आहे. पण जे एकदाच दिसले आणि पुन्हा तपासता आले नाही, त्यावर 'संपर्क' असा शिक्का मारता येत नाही. एकदा ऐकलेल्या पावलांच्या आवाजावरून कोण आले होते ते ठरवण्यासारखेच ते.

इथे पुण्याशीच जोडलेली एक घटना आठवते, ती परग्रहवासीयांच्या बाजूला झुकलेल्या शास्त्रज्ञांची. जयंत नारळीकर हे परग्रहावरच्या जीवनाची चेष्टा करणाऱ्यांपैकी नव्हते. 'प्रेषित'सारखी कादंबरी लिहिणारा आणि फ्रेड हॉईल यांचा शिष्य असलेला हा माणूस, जीवाणू अंतराळातून पृथ्वीवर येत असतील ही आपल्या गुरूची कल्पना तपासून पाहायला निघाला. इस्रोच्या मदतीने हैदराबादहून फुगे सोडले गेले. २० एप्रिल २००५ च्या उड्डाणात २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक केलेल्या, अतिथंड नळकांड्यांत भरून आणली गेली. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात तिची तपासणी झाली. तीत जीवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती मिळाल्या. जीवाणूंच्या तीन जाती नव्या ठरल्या. एकीला हॉईल यांचे नाव मिळाले, एकीला इस्रोचे आणि एकीला आर्यभटाचे. सहज 'परग्रहावरचे जीवाणू सापडले' असे छापता आले असते. पण मार्च २००९ मध्ये इस्रोने जाहीर केले ते असे की, हे जीवाणू परग्रहावरूनच आले हे या अभ्यासातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही. शंका एकच होती: खालून वर गेले नाहीत कशावरून? आणि ती रास्त ठरली. आर्यभटाचे नाव मिळालेला जीवाणू पुढे ठिकठिकाणच्या शेतांतल्या मातीत, पिकांच्या मुळांपाशी सापडत गेला. नव्या जातीचा म्हणजे परका, हे समीकरण बसले नाही. तो आपल्या मातीतलाच होता, आपण त्याला आधी ओळखले नव्हते इतकेच.

खोडदलाही रोज हीच लढाई असते, फक्त जीवाणूंच्या जागी लहरी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ही दुर्बीण उभारली. ४५ मीटर व्यासाच्या एकूण ३० तबकड्या. पैकी १४ मधल्या एका चौरस किलोमीटरमध्ये आणि उरलेल्या १६ तीन फाट्यांवर दूरवर पसरलेल्या. जवळून पाहिले तर तबकडी भरीव पत्र्याची नाही. बारीक पोलादी तारेची जाळी दोरखंडांच्या चौकटीवर ताणून बसवलेली आहे, एक-दोन सेंटीमीटरच्या भोकांतून पलीकडचे आभाळ दिसते. वारा आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्चही आटोक्यात राहिला. २१ सेंटीमीटर किंवा त्याहून लांब लहरींना मात्र ही भोके जाणवत नाहीत. त्यांच्या लेखी तो आरसाच. हा आरसा जुन्नरच्या डोंगरांच्या आडोशाला बसवला, कारण पुणे-मुंबईच्या रेडिओ गोंगाटापासून इथे थोडी सुटका मिळते. पण पूर्ण सुटका कुठेच नाही. विजेच्या तारांच्या सैल जोडणीत किंवा तडकलेल्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर ठिणग्या उडाल्या की दुर्बिणीला ती गर्जना वाटते. मोबाइलचे मनोरे आहेत, डोक्यावरून जाणारे उपग्रह आहेत. म्हणून दुर्बिणीभोवती रेडिओ शांततेचे नियम आहेत आणि गोंगाटाचा माग काढत गावोगाव फिरणारे लोकही. अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार शिकणाऱ्या मुलाला हे वेगळे सांगावे लागणार नाही. अँटेना जितकी संवेदनशील, तितकी आधी तिला शेजाऱ्यांचीच कुजबुज ऐकू येते.

ही कुजबुज किती फसवी असू शकते याचा किस्सा ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीचा. तिथे १९९८ पासून काही क्षणभंगुर झटके नोंदले जात. दिसायला ते फार दूरच्या आकाशीय स्फोटांसारखे, पण कामाच्या वेळेत, त्यातही जेवणाच्या सुमाराला जास्त. २०१५ मध्ये एमिली पेट्रॉफ आणि सहकाऱ्यांनी त्याचा उलगडा केला. वेधशाळेतल्या मायक्रोवेव्ह ओव्हनचे दार कुणी वेळ संपण्याआधीच उघडले की नेमका तसा झटका बसत होता. वाचून हसू येते, पण लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही. तेच यंत्र तेच लोक वापरत होते, आणि सत्य शोधून काढले तेही त्यांनीच. याच पार्क्सला २०१९ मध्ये सूर्य सोडला तर आपल्या सर्वांत जवळच्या ताऱ्याच्या, प्रॉक्सिमा सेंटॉरीच्या दिशेने ९८२ मेगाहर्ट्झची एक चिंचोळी लहर मिळाली. दुर्बीण ताऱ्याकडे असताना ती दिसे, वळवली की नाहीशी होई. सगळ्या चाचण्या पार केलेली अशी खूण फार दुर्मीळ. तरीही २०२१ मध्ये ती शोधणाऱ्या गटानेच जाहीर केले की ती पृथ्वीवरचीच होती. त्याच नोंदींत तिच्यासारख्याच दिसणाऱ्या आणखी लहरी निघाल्या, गणिताने एकमेकींशी बांधलेल्या. त्या कुठल्यातरी इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या वाटत होत्या. दुर्बीण ताऱ्याकडे वळण्याची आणि ते उपकरण बंद-चालू होण्याची वेळ योगायोगाने जुळली होती.

मग कृत्रिम लहर खरोखर आलीच तर ती ओळखू येईल का? येईल, आणि खोडदने ते करून दाखवले आहे. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपीय अंतराळ संस्थेचे शियापरेली हे यान मंगळावर उतरणार होते. त्यावरचा प्रेषक अगदी किरकोळ शक्तीचा, मंगळाजवळच्या यानाने ऐकावा एवढ्यापुरताच. मंगळ त्या दिवशी साडेसतरा कोटी किलोमीटरच्या आसपास दूर होता. लहर पोचायला जवळपास दहा मिनिटे लागत. तरीही खोडदच्या तबकड्यांनी ४०१ मेगाहर्ट्झजवळची ती बारीक रेष धरली. यानाचा वेग बदलला की वारंवारता सरकत होती, आणि कोणत्या क्षणी किती सरकावी हे आधीच मांडून ठेवलेले होते. पॅराशूट उघडल्याची खूणही त्यातच दिसली. मग जमिनीला टेकण्याच्या अपेक्षित वेळेआधीच ती रेष तुटली. यान कोसळले होते. परक्या ग्रहावरून आलेली, कुणीतरी मुद्दाम पाठवलेली लहर कशी दिसते, याचा अस्सल नमुना खोडदच्या दप्तरात आहे. ती चिंचोळी होती, ठरलेल्या जागी आली, ठरलेल्या रीतीने सरकली. पाठवणारे मात्र युरोपातले होते. २०२३ चा उंचवटा या नमुन्याशेजारी ठेवून पाहिला की दोघांतला फरक डोळ्यांना दिसतो.

राहिला शेवटचा संशय, लपवाछपवीचा. असे काही खरेच सापडले तर सरकार सांगेल का? हा संशय यंत्राची रीत न पाहिल्यामुळे येतो. खोडदच्या दुर्बिणीवर वेळ मागायला देशोदेशींचे खगोलशास्त्रज्ञ अर्ज करतात, आणि ठराविक मुदतीनंतर नोंदी इतरांनाही खुल्या होतात. २०२३ ची खूण मांडणाऱ्यांपैकी एक जण तर कॅनडात बसलेला होता. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला जुन्नर-आंबेगावच्या शाळांतली मुले प्रदर्शन पाहायला खोडदला लोटतात. इतक्या उघड्यावरच्या जागी गुपित राखणे म्हणजे आठवडी बाजारात कुजबुजत गुपित सांगण्यासारखे.

उद्या खोडदला चिंचोळी, चमत्कारिक रेष दिसली तर पहिले काम ठरलेले आहे. तबकड्या ताऱ्यावरून थोड्या बाजूला वळवायच्या. रेष गेली तर पुन्हा ताऱ्याकडे आणायच्या, असे वारंवार. मग तीन फाट्यांवरच्या लांबलांबच्या तबकड्यांना ती सारखी दिसते की एकाच बाजूला जोरात, ते बघायचे. मग जगाच्या दुसऱ्या कोपऱ्यातल्या दुर्बिणीला त्याच बिंदूकडे पाहायला सांगायचे. आणि तबकडी वळवूनही रेष जागची हललीच नाही, तर गोंगाट शोधणारी गाडी काढून नारायणगावकडचा एखादा विजेचा खांब गाठायचा.